अश्वत्थाम्याचे तेल

संपादकांचे पत्र आले तेव्हा घरात चकलीची भाजणी नुकतीच दळून आली होती. ‘यंदा एखाद्या आवडत्या ग्रंथावर लिहा,’ असे त्यांनी कळवले होते. मनात जे दोन ग्रंथ आले ते दोन्ही इंग्रजी, दोन्ही लढाईविषयीचे, आणि दोन्ही एका मनोविकारतज्ज्ञाने लिहिलेले. वाचक म्हणतील, मास्तर, फराळाच्या ताटाशेजारी हा कसला विषय काढलात! तक्रार रास्त आहे. पण या ग्रंथांची गाठ माझ्या मनात दिवाळीशीच पडलेली आहे, त्याला माझा इलाज नाही.

ती गाठ कशी पडली ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढची समीक्षा नुसती पंडिती ठरेल.

१९६५ सालची दिवाळी. पाकिस्तानशी झालेली लढाई थांबून महिना उलटला होता आणि आमच्या आर्वीकडच्या गावात फटाक्यांना नुसता ऊत आला होता. मी नऊ वर्षांचा होतो. माझे धाकटे मामा फौजेतून सुटून आले होते. सिग्नल कोअरमध्ये होते ते. १९६२ साली नेफाच्या बर्फात होते, एवढेच आम्हां मुलांना ठाऊक. दिवाळीचे चार दिवस मामा घरात टिकत नसत. ‘वावरात जागलीले जातो,’ म्हणत आणि घोंगडी खांद्यावर टाकून निघून जात. त्या वर्षी आजीने हट्टाने त्यांना लक्ष्मीपूजनाला थांबवून घेतले. ओसरीवर ते खांबाला टेकून बसले होते. मी सुतळी गुंडाळलेला एक मोठा फटाका त्यांच्या मागच्या अंगाला लावला. गंमत एवढीच की मामा दचकतील.

मामा दचकले नाहीत. फटाका वाजला आणि दुसऱ्याच क्षणी मी पालथा पडलेला होतो. माझ्या अंगावर मामांचे सबंध शरीर होते आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या डोक्याभोवती होते. किती वेळ तसे गेले सांगता येत नाही. मग ओसरीवरची माणसे हसू लागली. ‘चिन्यांशी लढला अन् फटाक्याले भेला!’ असे कोणीतरी म्हणाले. मामा उठले, माझ्या गुडघ्याची माती झटकली, ‘लागलं नाई ना रे तुले?’ एवढे विचारले आणि घोंगडी घेऊन अंधारात चालते झाले. हसणाऱ्यांत मीही होतो. हे मी आजवर कोठे लिहिलेले नाही.

पुढे चाळीसएक वर्षांनी डॉ. जोनाथन शे यांचा ‘अकिलीस इन व्हिएतनाम’ हा ग्रंथ माझ्या हाती आला, आणि तो वाचताना ती ओसरी पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली. भीतीने दडायला निघालेला माणूस दुसऱ्याच्या अंगावर पांघरुणासारखा पडत नाही, हे ओसरीवरच्या एकालाही सुचले नव्हते. आम्हांला ते दिसले होते, पण त्याचा अर्थ लावायला लागणारे शब्द आमच्याजवळ नव्हते. शे यांच्या ग्रंथाने मला ते शब्द दिले. म्हणून त्याची चिकित्सा करताना माझ्या मनात प्रथम ऋणाची भावना आहे. परंतु ऋणाईतालाही हिशेब विचारायचा अधिकार असतो.

डॉ. शे यांची हकीकत मोठी विलक्षण आहे. मुळात ते प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशींवर संशोधन करणारे. चाळिशीत त्यांना पक्षाघात झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या, लहानपणी वाचायचे राहून गेलेले ग्रीक महाकाव्य त्यांनी भाषांतरातून वाचून काढले. मग १९८७ च्या सुमारास बॉस्टन येथील माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यात ते आले, ते पुन्हा संशोधन सुरू करावे एवढ्याच हेतूने. पण समोर येऊन बसणाऱ्या व्हिएतनामच्या सैनिकांनी त्यांना आपल्यातच ओढून घेतले. सुमारे वीस वर्षे त्यांनी त्याच माणसांची सेवा केली. पहिला ग्रंथ १९९४ साली आला, दुसरा, ‘ओडिसियस इन अमेरिका’, २००२ साली. २००७ साली मॅकआर्थर प्रतिष्ठानची मानाची वृत्ती त्यांना मिळाली.

दवाखान्यातला अनुभव ग्रंथबद्ध करणारे डॉक्टर पुष्कळ असतात. शे यांचे वेगळेपण असे की, रुग्णांचे बोलणे ऐकताना त्यांना सारखा होमर ऐकू येऊ लागला. ‘इलियड’चा आरंभ आठवून पाहावा. सेनापती अगामेम्नॉन आपल्याच सर्वश्रेष्ठ योद्ध्याची, अकिलीसची, मानाची लूट हिरावून घेतो. अकिलीस रागाने तंबूत जाऊन बसतो. हळूहळू त्याचे जग आटत जाते आणि त्यात एक जिवलग मित्र, पॅट्रोक्लस, तेवढा उरतो. तो मारला जातो आणि मग अकिलीस माणूस राहत नाही. हेक्टरला मारून त्याचे समाधान होत नाही. प्रेताला रथामागे बांधून तो फरफटवतो. शे म्हणतात, हा क्रम मी रोज माझ्या खोलीत ऐकतो. आधी वरिष्ठाकडून ‘जे योग्य ते’ मोडले जाते, मग विश्वासाचे वर्तुळ आकसते, मग मित्र जातो, आणि मग तो उन्माद, ज्याच्यानंतर माणूस स्वतःला ओळखेनासा होतो.

या सिद्धान्तातील पहिली पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. सैनिकाचे मन मोडते ते केवळ मरणाच्या भीतीने, असा आपला समज असतो. शे यांचे म्हणणे असे की, भीती, भूक, दमणूक, यांतून माणूस बऱ्याच अंशी सावरतो. पण ज्याच्या हाती आपला जीव सोपवला त्या अधिकाराच्या जागेवरूनच, जीवनमरणाच्या प्रसंगी, घात झाला तर ती जखम भरत नाही. व्हिएतनामच्या सैनिकांना सुरुवातीच्या काळात ऐन चकमकीत अडकणाऱ्या रायफली मिळाल्या. त्यांना एकेकटे धाडले गेले आणि वर्ष भरले की एकेकटेच विमानात घालून परत आणले गेले. परवा जंगलात असलेला पोरगा आज आईच्या स्वयंपाकघरात बसलेला असे. बरोबरीच्यांशी चार शब्द बोलायलाही त्याला सवड मिळत नसे.

हे वाचताना मला नेफा आठवल्याशिवाय कसे राहील? १९६२ च्या २० ऑक्टोबरला नामका चू नदीवर चिनी सैन्य चालून आले, तेव्हा तिकडे उंचावर धाडलेल्या आपल्या जवानांपैकी अनेकांच्या अंगावर सुती गणवेश आणि पायांत कॅनव्हासचे बूट होते, हे आता सर्वश्रुत आहे. त्यानंतर आठवडाभराने दिवाळी आली. नोव्हेंबरात यशवंतराव दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे आपण अभिमानाने म्हणू लागलो. त्या पराभवाची चौकशी झाली, १९६३ साली अहवाल सादर झाला, पण सरकारने तो आजतागायत अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ साली एका परदेशी पत्रकाराने उजेडात आणला एवढेच. मामांना ‘काय झालं होतं तिकडं?’ असे कोणी विचारले की ते म्हणत, ‘सायबाले इचारा.’ घरात हा विनोद समजला जाई. शे वाचल्यावर मला वाटले, त्या दोन शब्दांत त्यांचा सबंध सिद्धान्त आहे.

ग्रंथाचे वाङ्मयीन मूल्य मला आणखी एका गोष्टीत दिसते. वैद्यकाने १९८० साली या दुखण्याला अधिकृत नाव दिले, त्यात ‘विकार’ हा शब्द आहे. शे यांना तो खटकतो. विकार म्हटले की माणसातच काही खोट होती असा वास येतो. पाय तुटलेल्या सैनिकाला आपण पायाचा विकार जडला असे म्हणतो काय? त्याला जखम झाली असे म्हणतो. मनाचेही तसेच म्हणावे, असा त्यांचा आग्रह. शब्दाच्या निवडीत माणसाची अब्रू गुंतलेली असते, हे ज्या डॉक्टरला कळते त्याला मी समीक्षक मानतो. आणि तो समीक्षक नम्रही आहे. एका पानावर होमरचा उतारा, लगेच खाली बॉस्टनच्या कोण्या बेकार माजी सैनिकाचे रांगडे, शिवराळ, मध्येच तुटणारे बोलणे, आणि दोहोंना सारखाच मान. रुग्ण हा पुरावा आणि कवी हा प्रमाण, अशी उतरंड तेथे नाही. कधी कधी सैनिकाच्या बोलण्यानेच होमरची ओळ उलगडते.

या बाबतीत शे यांच्या आधीचे मोठे नाव डॉ. रिव्हर्स यांचे. आपल्या निलगिरीतल्या तोडा लोकांवर १९०६ साली ज्यांनी ग्रंथ लिहिला तेच हे रिव्हर्स. पहिल्या महायुद्धात एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात त्यांनी मन खचलेल्या अधिकाऱ्यांवर उपचार केले. कवी सीगफ्रीड ससून १९१७ साली त्यांच्याकडेच होता. ‘विसरून जा’ हा सल्ला घातक आहे, आठवणीकडे तोंड वळवू दिले पाहिजे, हे त्यांनी त्या काळी ओळखले. पण त्यांच्या वाट्याला मोठा विरोधाभास आला: बरा केलेला माणूस पुन्हा आघाडीवर धाडायचा! शे यांच्यापुढे तो पेच नव्हता. त्यांची लढाई संपून गेलेली होती. उरली होती ती माणसे. म्हणूनच उपचार म्हणजे काय, हा प्रश्न ते अधिक मोकळेपणाने विचारू शकले. त्यांचे उत्तर साधे आहे. जे घडले ते ऐकून घेणारी माणसे हवीत. ऐकताना त्यांनी न्यायाधीश होऊ नये, घाईने क्षमाही करू नये, आणि ऐकल्याने आपल्याला काही होणार नाही असे सोंगही आणू नये. हे काम एकट्या डॉक्टरचे नव्हे, समाजाचे आहे. अथेन्सचे नाटक हे लढून आलेल्यांनी लढून आलेल्यांसाठी रचलेले होते, असे शे आवर्जून सांगतात. एस्किलस स्वतः मॅरेथॉनच्या रणात लढला होता.

दुसऱ्या ग्रंथात ओडिसियसची घरवापसी आहे. त्यातले एक प्रकरण मला पहिल्या ग्रंथाहूनही सरस वाटते. समुद्राने झोडपलेला ओडिसियस फेशियन लोकांच्या राजवाड्यात येतो. लोक सुखवस्तू, अतिथ्यशील. जेवण झाल्यावर त्यांचा भाट ट्रॉयच्या युद्धाचे गाणे म्हणतो. सारे रंगून ऐकतात, आणि ज्याच्यावर ते गाणे आहे तो पाहुणा तोंडावर शेला ओढून रडत असतो. लढाई ही एकाला आठवण आहे आणि बाकीच्यांना जेवणानंतरची करमणूक. शे म्हणतात, माझे रुग्ण रोज या राजवाड्यात बसलेले असतात.

आपल्याकडे हा राजवाडा दर स्वातंत्र्यदिनी उभारला जातो. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेने मामांना एकदा प्रमुख पाहुणे म्हणून नेले. शाल, श्रीफळ, पोवाडा झाला. ‘आता सुभेदारसाहेब लढाईतला एखादा रोमांचक प्रसंग सांगतील,’ असे सूत्रसंचालकांनी जाहीर केले. मामा सुभेदार कधीच नव्हते. ते उभे राहिले आणि खेचरांविषयी बोलू लागले. खेचर निसरड्या वाटेवर कसे पाय टाकते, ओझे एका बाजूला कलले तर कसे अडून बसते, थंडीत त्याच्या नाकातोंडावर बर्फ कसे धरते. मुले चुळबुळ करू लागली. मामा मध्येच थांबले, म्हणाले, ‘लय गुणाचं जनावर,’ आणि खाली बसले. टाळ्या पडल्या त्या सुटल्याच्या. घरी येताना एक गुरुजी मला म्हणाले, ‘तुमच्या मामांना वक्तृत्व नाही.’ मीही त्या वेळी मान डोलावली. आज वाटते, त्या सभागृहात लढाईविषयी खरे बोलणारा तो एकच माणूस होता.

येथवर माझे ऋण सांगून झाले. आता हिशेब.

शे यांच्या ग्रंथांत अमेरिकी सैनिक बोलतो, डॉक्टर बोलतो, होमर बोलतो. व्हिएतनामी माणूस बोलत नाही. शत्रूला किडामुंगी मानायला शिकवल्याने सैनिकाचेच मन कसे सडते यावर शे यांनी कळकळीने लिहिले आहे. होमरने काय वगळले यावरही त्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात स्त्रियांच्या व नागरिकांच्या दुःखाची जाणीव आहे. पण जाणीव असणे वेगळे आणि आवाज असणे वेगळे. डॉक्टर आपल्या खोलीत जो येतो त्याचेच ऐकणार, असे उत्तर कोणी देईल. ते डॉक्टरला चालेल, ग्रंथकाराला चालणार नाही. कारण खुद्द ‘इलियड’चा शेवट ग्रीकांच्या छावणीत शत्रूच्या बापाला घेऊन येतो. म्हातारा प्रायम रात्री अकिलीसच्या तंबूत येतो, ज्या हातांनी आपली मुले मारली त्या हातांचे चुंबन घेतो आणि दोघे आपापल्या मृतांसाठी एकत्र रडतात. माझ्या मते अकिलीसला जी काही शांती मिळते ती येथेच. शत्रूचे दुःख ऐकल्यावाचून ती मिळत नाही.

या ठिकाणी मला आपले व्यासांचे घर आठवते. आपल्याकडे हा विषय निघाला की कोणीही चटकन गीतेकडे बोट दाखवतो: अर्जुनाचे गात्र गळाले आणि श्रीकृष्णाने त्याला उभे केले. हा जगातला पहिला मानसोपचार, असेही म्हणण्याची पद्धत आहे. आमच्या वर्धा जिल्ह्यात तर गीता घरचीच. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी टिपून घेतली, त्यांत अर्जुनाविषयी एक मार्मिक दृष्टान्त आहे. शेकडो अपराध्यांना फाशी देणाऱ्या न्यायाधीशापुढे त्याचाच मुलगा खुनी म्हणून उभा राहतो आणि मग न्यायाधीशाला फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. अर्जुनाचे वैराग्य तसले, असे विनोबा म्हणतात. दृष्टान्त बिनतोड आहे. पण गीता हा लढाईआधीचा संवाद आहे. माझ्या मामांचा प्रश्न लढाईनंतरचा होता, आणि त्याचे उत्तर गीतेत शोधणे म्हणजे पेरणीच्या पंचांगात कापणीचा मुहूर्त पाहणे होय.

लढाईनंतरचे महाभारत आपण फारसे वाचत नाही. शांतिपर्वात युधिष्ठिर राज्य टाकून वनात जायला निघतो. भाऊ, द्रौपदी, व्यास, श्रीकृष्ण, सारे त्याला समजावतात. शरपंजरी पडलेले भीष्म तर हजारो श्लोक बोलतात. उपदेश थोर आहे, पण युधिष्ठिराचे ऐकून कोण घेतो? त्याचे दुःख पुढे अश्वमेधापर्यंत त्याच्या मागे येते. मात्र त्याआधीचे स्त्रीपर्व पाहा. गांधारी कुरुक्षेत्रावर उभी आहे. ती एकेका प्रेताकडे बोट करून त्याचे नाव घेते, त्याच्याभोवती रडणाऱ्या स्त्रिया दाखवते. तिचे पुत्र, कर्ण, अभिमन्यू. आपले आणि परके असा भेद तिच्या बोलण्यात उरत नाही. आणि हे सारे ती ज्याला सांगते आहे तो श्रीकृष्ण आहे. अठरा अध्याय ज्याने बोलून अर्जुनाला उठवले, तोच येथे अध्यायामागून अध्याय गप्प उभा राहून ऐकतो. शेवटी त्याला शाप मिळतो आणि तोही तो हसून घेतो.

माझे सगळे म्हणणे या दोन कृष्णांत आहे. सैनिकापुढे आपण सारे गीतेतला कृष्ण होऊ पाहतो, आणि त्याला गरज असते ती स्त्रीपर्वातल्या कृष्णाची. डॉ. शे यांची वीस वर्षे हे स्त्रीपर्व होते. त्यांना व्यास ठाऊक असते, तर त्यांच्या ग्रंथातली उणीव भरून निघाली असती असे मला वाटते.

आणि त्यांना त्यांचा अकिलीसही येथे भेटला असता. अश्वत्थाम्याचा बाप मारला गेला तो कधी खोटे न बोलणाऱ्या युधिष्ठिराच्या एका खोट्याने, आणि ते खोटे अश्वत्थाम्याचेच नाव घेऊन सांगितलेले. ‘जे योग्य ते’ याहून अधिक कसे मोडावे? मग ती रात्र, वडाच्या झाडावर झोपलेल्या कावळ्यांवर तुटून पडणारे घुबड, आणि झोपलेल्या छावणीतले ते हत्याकांड. त्याच्या अपराधाला क्षमा नाही, व्यासांनीही केलेली नाही. त्याच्या कपाळीचा मणी जातो आणि वाहती जखम घेऊन त्याने एकाकी भटकावे असा शाप मिळतो. पण आपल्या लोकांनी या कथेला एक शेपूट जोडले आहे, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नर्मदेच्या काठाने तो अजून फिरतो आणि जखमेला लावायला तेल मागतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. त्याचे पाप माफ करा असे तो म्हणत नाही; थोडे तेल मागतो. लोकमानसाला एवढे कळले होते की, अपराधी असला तरी जखम ही जखमच असते.

मग मराठी वाङ्मयाने ते तेल दिले आहे काय? आपल्याकडे पोवाडा आहे, बखर आहे. पानिपत आपण इतके मनावर घेतले की ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचारच झाला. गळालेली मोत्ये आणि हरवलेल्या मोहरा मोजणारे ते पत्र शाळकरी पोरालाही पाठ असते. पण पानिपतावरून जो परत आला त्याचे पुढे काय झाले? मला त्याचे एकच ठसठशीत उदाहरण दिसते, नाना फडणिसांच्या आत्मचरित्राचे. एकोणीस वर्षांचा तो पोर रणातून लपतछपत, उपाशीतापाशी परतला. आई तेथेच नाहीशी झाली. पुढे मुत्सद्दी म्हणून गाजलेल्या या पुरुषाने जी थोडीशी पाने स्वतःविषयी लिहिली, त्यांत बढाई नाही. पश्चात्ताप आणि भय आहे. पुढच्या मराठी गद्याने तो धागा उचलल्याचे माझ्या वाचनात फारसे आले नाही. विश्राम बेडेकरांची १९३९ सालची ‘रणांगण’ ही थोर कादंबरी नावाने रणाची, पण घडते ती युद्धाच्या उंबरठ्यावरच्या बोटीवर. कूटच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. त्यांचे पुतळे आपण उभारले. पुतळ्याला कान नसतात आणि तोंडही नसते, ही त्यातली सोय आहे.

आमच्या जिल्ह्याला तर हा प्रश्न टाळता येऊ नये. एकीकडे सेवाग्राम. १९४० च्या १७ ऑक्टोबरला युद्धविरोधी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले भाषण विनोबांनी केले ते पवनारला. आणि त्याच जिल्ह्यात, रेल्वेच्या त्याच रुळावर, पुलगावला लष्कराचे दारूगोळ्याचे प्रचंड कोठार. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथे आग लागून अधिकारी, जवान आणि आग विझवणारे लोक गेले. २० नोव्हेंबर २०१८ ला जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन सहा माणसे गेली, त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. अहिंसेचा आश्रम आणि तोफगोळ्यांचे कोठार यांच्यामधल्या गावांत आम्ही राहतो. दोहोंकडे पाहुण्यांना नेऊन दाखवतो. या दोहोंच्या मध्ये जी माणसे राहतात, त्यांचे ऐकणे मात्र दोन्हीकडच्या भाषणांत हरवते.

आता मामांचे थोडे सांगून संपवतो. शे यांचा ग्रंथ वाचून झाल्यावर एका दुपारी मी मामांना प्रायमची गोष्ट सांगितली. ते तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. कसलाही उपचार करायचा माझा विचार नव्हता. तेवढी अक्कलही नव्हती. गोष्ट आवडली होती, समोर मामा होते, म्हणून सांगितली. त्यांनी शेवटी एकच विचारले, ‘मंग मुडदा देल्ला का त्यानं परत?’ मी म्हटले, दिला. आणि अकरा दिवस लढाईही थांबवली. मामा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग त्यांनी मला सेलाच्या खिंडीतून खाली येतानाची एक हकीकत सांगितली. पाय बधिर झालेल्या एका साथीदाराची. तो चालू शकत नव्हता. त्याचे बूट बरे होते. ‘त्यानंच म्हटलं, काढून घे. मी काढले,’ मामा म्हणाले, ‘अन् मी चालत आलो.’ अठ्ठेचाळीस वर्षे ते बूट त्यांच्या पायांत होते.

माझ्या तोंडाशी गीता आली होती. त्यात तुमचा दोष नाही, हे शब्दही आले होते. शे यांच्या ग्रंथाने एवढेच केले की मी ते शब्द गिळले. थोड्या वेळाने मी विचारले, ‘नाव काय होतं त्याचं?’ मामांनी नाव सांगितले. गावही सांगितले. ते नाव मी येथे लिहीत नाही. ते माझ्यापाशी ठेवायला दिलेले आहे.

मामा त्याने बरे झाले असे मी म्हणणार नाही; तसे म्हणणे शे यांच्याही ग्रंथांशी बेइमानी ठरेल. त्यांचे रुग्णही पूर्ण बरे होत नाहीत, पण एकटे राहत नाहीत. त्या वर्षीच्या दिवाळीत मामांनी नेहमीप्रमाणे घोंगडी उचलली. फाटकाशी थांबले आणि मागे वळून म्हणाले, ‘येतं का रे वावरात?’ घरात पाहुणे होते, फराळ मांडलेला होता. मी चपला घातल्या. रात्रभर कपाशीच्या कडेला आम्ही बसलो. गावात आतषबाजी चालली होती. प्रत्येक मोठ्या आवाजाला मामांचा हात माझ्या खांद्याकडे येई आणि परत जाई. आम्ही काही बोललो नाही.

मामा जाऊन आता काही वर्षे झाली. यंदा नातवंडे फटाके मागतील तेव्हा मी त्यांना ना म्हणणार नाही. पण लावण्याआधी ओसरीवर कोण बसले आहे ते पाहून या, एवढे सांगेन. वाचकांनाही माझे तेवढेच सांगणे आहे.